न झालेल्या लढती आणि विजय मर्चंट

खेळांत श्रेष्ठ कोण हें ठरवितांना आपण बहुधा झालेल्या सामन्यांचा हिशेब मांडतों. तो सोपा असतो, कारण त्याचे आंकडे छापलेले असतात. कठीण असतो तो न झालेल्या सामन्यांचा हिशेब. जेत्यानें ज्यांना जिंकलें त्यांच्याविषयीं फारसें दुमत नसतें. ज्यांच्यापुढें तो कधीं उभाच राहिला नाहीं त्यांच्याविषयीं मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाद चालतो. शाळेच्या वादविवाद मंडळांतहि असे विषय वारंवार निघतात, आणि पुष्कळदां ज्याचा आवाज मोठा त्याची सरशी होऊन सभा संपते. म्हणून अशा वादांत पुरावा कसा तोलावा, याचा विचार एका मुंबईकर खेळाडूच्या उदाहरणानें प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

मुष्टियुद्धांतील व कुस्तींतील दोन दाखले

हा प्रश्न मुष्टियुद्धांत सर्वांत तीव्र होतो. तेथें एकास एक अशी उघड लढत असते, आणि कोणाशीं लढावयाचें हें ठरविण्यांत जेत्याचा व त्याच्या चालकांचा हात असतो. अमेरिकेचा जॅक डेंप्सी १९१९ सालीं जेस विलर्ड यास हरवून जगज्जेता झाला, आणि १९२६ सालीं जीन टनी याजकडून पराभूत होईपर्यंत त्या पदावर राहिला. या काळांत हॅरी विल्स हा काळा मुष्टियोद्धा त्याच्याशीं लढण्याची संधि सतत मागत होता. १९२५ सालीं करारहि झाला. परंतु लढत कांहीं झाली नाहीं. डेंप्सीचे कैवारी म्हणतात कीं, लढत भरविणाऱ्यांना काळ्या-गोऱ्यांच्या दंग्याची धास्ती होती, त्यांत डेंप्सीचा काय दोष? विरुद्ध पक्ष म्हणतो कीं, जेत्यानें मनापासून आग्रह धरला असता तर त्यास कोण अडविणार होतें? येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जॅक जॉन्सन या काळ्या जेत्याचें पद १९१५ सालीं गेल्यापासून १९३७ सालीं जो लुई यानें तें मिळवीपर्यंत, म्हणजे तब्बल बावीस वर्षें, सर्वांत वजनदार गटाच्या जगज्जेतेपदासाठीं एकाहि काळ्या मुष्टियोद्ध्यास लढूं दिलें गेलें नाहीं. एकट्या विल्सचीच वाट अडली होती असें नव्हे.

दुसरा दाखला गामा पहिलवानाचा. १९१० सालीं तो लंडनला गेला, अमेरिकेच्या बेंजामिन रोलर यास त्यानें चीत केलें, आणि पोलंडच्या झ्बिस्कोशीं त्याची कुस्ती तासन्‌तास चालून निकालावांचून राहिली. पुढील आठवड्याच्या कुस्तीस झ्बिस्को आलाच नाहीं. परंतु त्या काळचे सर्वांत नामांकित मल्ल हॅकनश्मिट व फ्रँक गॉच यांच्याशीं गामाची गांठ कधींच पडली नाहीं. आव्हान मात्र गामानेंच दिलें होतें; तेव्हां तो कोणास भ्याला असें कोणी म्हणूं शकत नाहीं.

'त्याच्याशीं लढला नाहीं' हे शब्द डेंप्सीला लागूं पडतात आणि गामालाहि लागूं पडतात. पण एकाच्या बाबतींत जेत्याकडे बोट दाखविण्यास थोडी तरी जागा आहे, दुसऱ्याच्या बाबतींत ती मुळींच नाहीं. म्हणून लढत झाली नाहीं एवढें सांगून भागत नाहीं. ती कां झाली नाहीं हेंहि सांगावें लागतें.

मर्चंट यांचें दप्तर

आपल्या मुंबईंत हा वाद क्रिकेटच्या मैदानावर झाला. विजय मर्चंट मोठे कीं विजय हजारे, या प्रश्नावर एका पिढीनें गिरगांवच्या चाळींत, दादरच्या मैदानांच्या कडेला आणि परळ-लालबागच्या गिरणवस्तींत तावातावानें भांडून घेतलें. दोघांचें नांव विजय, दोघे फलंदाज, आणि दोघांची कारकीर्द बव्हंशीं एकाच काळांतली. त्यामुळें वादास रंग चढला यांत नवल नाहीं.

विजय माधवजी ठाकरसी यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजीं मुंबईंत, कापडगिरण्यांच्या धंद्यांत नांव मिळविलेल्या घराण्यांत झाला. शाळेंत वडिलांचा धंदा विचारला असतां जो 'मर्चंट' हा शब्द सांगितला गेला, तोच आडनांव म्हणून कायमचा चिकटला, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांची सरासरी ७१.६४ पडली. दहा हजारांहून अधिक धांवा काढणाऱ्या जगांतील फलंदाजांत या बाबतींत त्यांच्या पुढें एकटे डॉन ब्रॅडमन आहेत. त्यांची सरासरी ९५.१४. रणजी करंडकाच्या सामन्यांत मर्चंट यांनीं ३६३९ धांवा काढल्या, त्या ९८.७५ च्या सरासरीनें.

हे आंकडे पाहून कोणीहि थक्क होईल. परंतु कसोटी सामन्यांचें पान उघडलें कीं वादाला सुरुवात होते. मर्चंट एकंदर १० कसोटी सामने खेळले. १८ डावांत ८५९ धांवा, सरासरी ४७.७२, शतकें तीन. हे दहाहि सामने एकट्या इंग्लंडशीं झाले: १९३३-३४ मध्यें तीन, १९३६ मध्यें तीन, १९४६ मध्यें तीन आणि १९५१ मध्यें एक. ऑस्ट्रेलिया व वेस्ट इंडीज यांच्याविरुद्ध त्यांच्या नांवावर एकहि कसोटी सामना नाहीं.

संशयी पक्ष येथेंच बोट ठेवतो. त्याचें म्हणणें असें कीं, ब्रेबोर्न मैदानाची खेळपट्टी फलंदाजाला अनुकूळ. तेथें धांवांचे डोंगर रचणें आणि रे लिंडवॉलच्या वेगापुढें त्याच्याच देशांत उभें राहणें यांत महदंतर आहे. आक्षेप विचार करण्याजोगा आहे, पण अपुरा आहे. १९३६ सालीं मँचेस्टर येथें मर्चंट यांनीं ११४ व मुश्ताक अली यांनीं ११२ धांवा काढून पहिल्या जोडीसाठीं २०३ धांवांची भर घातली, ती संघ मोठ्या पिछाडीवर असतांना. १९४६ चा इंग्लंडमधील उन्हाळा पावसाळीच होता, आणि त्या काळीं खेळपट्ट्या उघड्या असत. ओल्या जमिनीवर चेंडू कधीं उसळे, कधीं बसे. त्या दौऱ्यांत मर्चंट यांनीं २३८५ धांवा ७४.५३ च्या सरासरीनें काढल्या व ओव्हल येथील कसोटींत १२८ धांवा केल्या. अशा हवेंत असा खेळ करणाऱ्यास केवळ घरच्या मैदानावरचा वीर म्हणतां येणार नाहीं.

तीन रिकाम्या जागा

आतां मर्चंट यांच्या दप्तरांतील रिकाम्या जागा एकेक करून पाहूं.

पहिली जागा १९३२ सालची. त्या वर्षीं भारताचा संघ प्रथमच कसोटी सामन्यासाठीं इंग्लंडला गेला आणि २५ जून रोजीं लॉर्ड्सच्या मैदानावर उतरला. मर्चंट त्या वेळीं वीस वर्षांचे होते. महात्मा गांधी व इतर राष्ट्रीय पुढारी तुरुंगांत असतांना हिंदु जिमखान्यानें या दौऱ्यांतून अंग काढून घेतलें, आणि मर्चंट व एल. पी. जय हे गेले नाहींत. जे गेले त्यांना कमी देशाभिमानी म्हणण्याचें कारण नाहीं, सी. के. नायडू यांनीं त्या संघाचें नेतृत्व केलें व तें गौरवानें केलें. परंतु जो खेळाडू ऐन उमेदींत जगांतील सर्वांत प्रसिद्ध मैदान मनाच्या साक्षीनें सोडून देतो, त्याच्या नांवापुढें त्या वर्षीं शून्य मांडणें हें हिशेबाच्या दृष्टीनेंहि चुकीचें ठरेल.

दुसरी जागा सर्वांत मोठी. १९३६ च्या ऑगस्टपासून १९४६ च्या जूनपर्यंत भारतानें एकहि अधिकृत कसोटी सामना खेळला नाहीं. दुसऱ्या महायुद्धानें या दशकाचा मोठा भाग गिळला. मर्चंट या काळांत चोवीस वर्षांचे होते ते चौतीस वर्षांचे झाले. फलंदाजाच्या आयुष्यांत याहून मोलाचीं वर्षें दुसरीं नसतात. १९३६ च्या दौऱ्यांत त्यांचा खेळ पाहून इंग्लंडचे नामवंत खेळाडू सी. बी. फ्राय उद्गारले होते कीं, याला पांढरा रंग देऊन आमचा सलामीचा फलंदाज म्हणून ऑस्ट्रेलियाला न्यावें. ही स्तुतीच होती. पण ऑस्ट्रेलियाचें दार अशा खेळाडूला स्वतःच्या रंगानें उघडत नव्हतें, हेंहि त्या थट्टेंत आलेंच.

तिसरी जागा १९४७-४८ ची. स्वतंत्र भारताचा पहिला संघ ऑस्ट्रेलियाला जावयाचा होता आणि त्याचे कर्णधार म्हणून मर्चंट यांची निवड झाली होती. शरीरानें साथ दिली नाहीं. दुखण्यामुळें त्यांनीं माघार घेतली व लाला अमरनाथ यांनीं संघ नेला. पुढील हिवाळ्यांत वेस्ट इंडीजचा संघ भारतांत आला, त्यांच्याविरुद्धहि मर्चंट खेळले नाहींत.

येथें एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण वादाच्या भरांत ती बहुधा गाळली जाते. १९४५ सालीं युद्ध संपतांच ऑस्ट्रेलियाच्या सैनिक-खेळाडूंचा संघ भारतांत आला होता. हॅसेट त्याचे कर्णधार होते, आणि कीथ मिलर त्यांत होते. भारताचें नेतृत्व मर्चंट यांच्याकडे होतें आणि तीन सामन्यांपैकीं मद्रासचा सामना जिंकून भारतानें ती मालिका घेतली. हे सामने अनधिकृत असल्यामुळें कसोटीच्या आंकड्यांत त्यांना स्थान नाहीं. तरी 'मर्चंट यांनीं ऑस्ट्रेलियन गोलंदाज पाहिलेच नाहींत' असें जो म्हणेल त्याचें विधान खोटें ठरेल. पाहिला नाहीं तो लिंडवॉल, त्याच्या घरच्या कठीण खेळपट्टीवर.

हजारे यांची साक्ष

या रिकाम्या जागांत मर्चंट असते तर काय झालें असतें हें कोणास सांगतां येणार नाहीं. पण त्यांच्याच तोलाचा दुसरा माणूस तेथें उभा होता, आणि त्याचें काय झालें हें नक्की ठाऊक आहे.

विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजीं सांगलीस एका मराठी ख्रिस्ती कुटुंबांत झाला. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत संघ धर्मावरून पडत. हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन यांपैकीं कोणत्याहि संघांत ज्यांना जागा नसे त्यांचा 'रेस्ट' म्हणजे शेष संघ असे, आणि हजारे त्यांत खेळत. ही धर्मवार वांटणी गांधीजींना पसंत नव्हती व १९४६ नंतर ते सामने बंद पडले, हें योग्यच झालें. परंतु मर्चंट व हजारे समोरासमोर आले ते याच सामन्यांत.

१९४३ सालची हकीकत अशी. पंचरंगी सामन्यांत सर्वाधिक धांवांचा विक्रम मर्चंट यांच्या २४३ धांवांचा होता. हजारे यांनीं मुसलमान संघाविरुद्ध २४८ धांवा काढून तो मोडला. अंतिम सामन्यांत मर्चंट यांनीं नाबाद २५० धांवा करून तो परत घेतला आणि हिंदूंची संख्या ५ बाद ५८१ झाली. शेष संघाचा पहिला डाव १३३ धांवांत आटोपला. पुन्हां फलंदाजीस उतरल्यावर संघाच्या ३८७ धांवा झाल्या, त्यांतील ३०९ एकट्या हजारे यांच्या. त्यांचे बंधु विवेक यांच्यासह सहाव्या गड्यासाठीं ३०० धांवांची भर पडली, तींत विवेक यांचा वांटा २१ धांवांचा. हिंदु संघानें एक डाव व ६१ धांवांनीं सामना जिंकला. विक्रम मात्र हजारे यांच्याकडे गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मर्चंट यांनीं महाराष्ट्राविरुद्ध ब्रेबोर्न मैदानावर नाबाद ३५९ धांवा काढल्या. येथपर्यंत दोघांत डावें-उजवें करणें कठीण होतें.

पुढें हजारे ऑस्ट्रेलियाला गेले. जानेवारी १९४८ मध्यें ॲडलेड येथें यजमानांनीं ६७४ धांवा केल्या. हजारे यांनीं पहिल्या डावांत ११६ व दुसऱ्या डावांत १४५ धांवा काढल्या. एकाच कसोटींत दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या डावांत लिंडवॉलनें ३८ धांवांत ७ गडी टिपले; भारताचा एका डावानें पराभव झाला, पण हजारे यांची विकेट घेण्यास त्या गोलंदाजांना दोन्ही वेळां फार वाट पाहावी लागली. पुढें ते वेस्ट इंडीजशींहि खेळले. ३० कसोटींत त्यांनीं २१९२ धांवा केल्या.

आतां सरासरी पाहावी. हजारे यांची ४७.६५, मर्चंट यांची ४७.७२. सगळा फरक एका धांवेच्या शंभर भागांतील सात भागांचा! सरासरी हीच ज्यांची एकमेव कसोटी आहे त्यांनीं येथें क्षणभर थांबावें. एकाची सरासरी दहा सामन्यांची व एकाच प्रतिपक्षाशीं आहे. दुसऱ्याची तीस सामन्यांची, अनेक देशांशीं व अनेक प्रकारच्या जमिनींवर आहे. आंकडा जवळजवळ एकच, पण त्यामागील साक्षीपुराव्याचें वजन सारखें नाहीं.

दोघे कसोटींत शेवटचे एकत्र खेळले ते १९५१ च्या नोव्हेंबरांत, दिल्लीस. चाळीस वर्षांचे मर्चंट यांनीं १५४ धांवा केल्या आणि कर्णधार हजारे १६४ धांवांवर नाबाद राहिले. इंग्लंडचा तो संघ पूर्ण ताकदीचा नव्हता हें मान्य करावें. त्याच सामन्यांत क्षेत्ररक्षण करतांना मर्चंट यांच्या खांद्यास दुखापत झाली व त्यांची कारकीर्द संपली.

ज्यांना मैदानच मिळालें नाहीं

या वादांत आणखी एका मुंबईकराचें नांव घेतलें नाहीं तर अभ्यास अपुरा राहील. पाळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें चर्मकार कुटुंबांत झाला. पुण्यास युरोपियनांच्या मैदानाची निगा राखतां राखतां ते गोलंदाज झाले व पुढें मुंबईस आले. हिंदूंच्या संघानें त्यांना घेतलें, कारण त्यांच्यावांचून युरोपियनांना हरविणें कठीण होतें. परंतु पुण्यांतील सामन्यांत त्याच संघांतील गड्यांनीं चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मडक्यांत दिला. १९०६ सालीं हिंदूंनीं युरोपियनांवर मिळविलेल्या विजयांत त्यांचा मोठा वांटा होता. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक गडी बाद केले. इतकें असूनहि हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांना कधीं मिळालें नाहीं. १९२३ सालीं तें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांना मिळालें. भारताचा पहिला कसोटी सामना झाला तेव्हां बाळू छप्पन वर्षांचे होते. १९५५ सालीं मुंबईंत त्यांचें देहावसान झालें.

मर्चंट यांच्या दहा कसोटी कमी वाटतात. बाळूंच्या नांवावर एकहि नाहीं. हॅरी विल्सप्रमाणें त्यांचीहि दाद नुसत्या आंकड्यांत लागणार नाहीं. जेत्याला कोण भेटलें नाहीं हें विचारतांना, कोणाला भेटूंच दिलें नाहीं हेंहि विचारणें हें न्यायबुद्धीचें काम आहे.

आमचा निर्णय

अशा वादांत तीन निरनिराळे प्रश्न एकांत एक गुंतलेले असतात. पहिला कौशल्याचा: त्याच्या अंगीं किती गुण होता? दुसरा पुराव्याचा: तो गुण किती कठीण ठिकाणीं सिद्ध झाला? तिसरा दोषाचा: जेथें सिद्ध झाला नाहीं तेथें चूक कोणाची? वक्ता पहिल्या प्रश्नावर बोलत असतांना श्रोता तिसऱ्याचें उत्तर ऐकतो, आणि भांडण विकोपास जातें.

मर्चंट यांच्याविषयीं आमचीं उत्तरें अशीं आहेत. कौशल्यांत त्यांना हजारे यांच्याहून कमी लेखण्यास आधार नाहीं. १९४६ चा ओला उन्हाळा त्यांच्या बाजूनें साक्ष देतो. पुराव्याच्या प्रश्नावर मात्र हजारे यांचें पारडें जड आहे. ॲडलेडला मर्चंट यांनींहि शतक ठोकलें असतें असें त्यांच्या चाहत्यांना वाटतें. कदाचित् तें खरेंहि असेल, परंतु हजारे यांनीं तें ठोकलें आहे, आणि वाटण्यापेक्षां घडलेलें वरचढ मानलें पाहिजे. युद्धाची सबब पुढें करणाऱ्यांनींहि हें विसरूं नये कीं, त्याच युद्धामुळें हजारे यांना पहिली कसोटी वयाच्या एकतिसाव्या वर्षीं मिळाली. दोषाच्या प्रश्नावर मर्चंट निर्दोष आहेत. युद्ध त्यांनीं आणलें नव्हतें, दुखणें त्यांनीं मागून घेतलें नव्हतें, आणि १९३२ सालीं जें त्यांनीं स्वतः सोडलें तें भीतीनें सोडलें नव्हतें.

तेव्हां पुढच्या वेळीं आपल्या मंडळांत कोणत्याहि जेत्याविषयीं वाद निघाला, तर विद्यार्थ्यांनीं प्रथम एवढें करावें: आपण या तिहींपैकीं कोणत्या प्रश्नावर बोलत आहों तें उभें राहतांच सांगावें, न झालेल्या प्रत्येक लढतीपुढें तिचें कारण लिहावें, आणि कारण ठाऊक नसेल तर त्या लढतीवरून कोणास भ्याड किंवा थोर ठरवूं नये. इतका नेम पाळला तर सभा थोडी शांत होईल, आणि मैदानावर आपली बाजू मांडण्यास जे आतां येऊं शकत नाहींत त्यांच्यावर अन्यायहि होणार नाहीं.